मुलगी कोणाची?

अमेरिकेच्या यादवी युद्धातलं एक पत्र जगभर वाचलं जातं, आणि दुसरं एक पत्र अभ्यासकांपलीकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. दोन्ही उत्तरेच्या फौजेतल्या माणसांनी आपल्या घरच्यांना लिहिलेली. पहिलं वाचून डोळे भरून येतात. दुसरं वाचून घशाला कोरड पडते. पहिल्याला उठवून दुसऱ्याला त्याच्या जागी बसवा, असं मी म्हणत नाही. पण पहिलं जिथे जिथे वाचलं जातं तिथे दुसरंही वाचलं गेलं पाहिजे. तसं होत नाही, आणि यात मोठा अन्याय आहे असं मला वाटतं.

पहिलं पत्र मेजर सलिव्हन बलू याचं. ऱ्होड आयलंडचा वकील, तिथल्या विधानसभेचा सभापती राहिलेला, वय ३२, घरी बायको आणि दोन लहान मुलगे. १४ जुलै १८६१ ला वॉशिंग्टनच्या छावणीतून त्याने बायकोला, साराला, लिहिलं. पलटण आता हलणार, पुन्हा लिहायला मिळेल न मिळेल, म्हणून मनातलं सगळं एकदाच सांगून टाकतो आहे, असा त्याचा सूर आहे. बायकोवरचं प्रेम आणि देशाचं ऋण यांची ओढाताण त्यात आहे, आणि मेलो तरी तुझ्या आसपासच असेन असा धीरही आहे. आठवड्याने बुल रनच्या पहिल्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय गेला आणि थोड्याच दिवसांत तो वारला. पत्र टपालात पडलंच नव्हतं, ते त्याच्या सामानात सापडलं असं सांगतात. मूळ कागद आज मिळत नाही, नकला आहेत. सारा १९१७ पर्यंत जगली. तिने दुसरं लग्न केलं नाही.

१९९० मध्ये केन बर्न्सने या युद्धावर केलेल्या माहितीपटमालिकेत हे पत्र वाचलं गेलं, तेही काटछाट करून, मागे व्हायोलिनची एक करुण धून ठेवून. कोट्यवधी अमेरिकनांनी ती मालिका पाहिली. ती धून त्या काळातली असेल असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती १९८२ मध्ये रचलेली आहे. हे मी दोष म्हणून सांगत नाही. बलूचं पत्र खरोखरच उत्तम आहे, आणि ते लिहिणारा माणूस बोलल्याप्रमाणे लढून मेला. पण त्या पत्रात गुलामगिरीचा उल्लेख एकदाही येत नाही. सरकार वाचवायचं आहे, पूर्वजांनी क्रांतीत सांडलेल्या रक्ताचं देणं फेडायचं आहे, एवढं येतं. जवळजवळ ४० लाख माणसं त्या वेळी त्या देशात दुसऱ्याच्या मालकीची होती. युद्ध ज्यांच्यावरून पेटलं, ती माणसं या सर्वांत प्रसिद्ध पत्रात नाहीत.

कोणी म्हणेल, बायकोला लिहिलेल्या निरोपाच्या पत्रात राजकारण कशाला शोधता? शोधू नये, मान्य. अडचण एका पत्राची नाहीच. सैनिकांच्या पत्रांकडे पाहण्याची जी सवय आपल्याला लागली आहे तिची ही अडचण आहे. पत्रातली माया तेवढी उचलायची आणि पत्र कशासाठी लढता लढता लिहिलं गेलं ते सोडून द्यायचं. मायेच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच निघतात. दक्षिणेच्या शिपायालाही आई होती, लेकरं होती, घरच्या मक्याची आणि डुकरांची काळजी होती. मिसिसिपीचा एक तरुण शिपाई, जेम्स रॉबर्ट मॉन्टगोमेरी, मे १८६४ मध्ये स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने खांद्याला जबर जखमी झाला. आपण वाचत नाही हे त्याला कळलं होतं. त्या अवस्थेत त्याने वडिलांना पत्र लिहिलं, आणि त्या कागदावर त्याच्या रक्ताचे डाग पडले. तो कागद जपून ठेवलेला आहे. तो पाहून कोणाचंही काळीज हलेल, हलावंच.

आणि त्याच मिसिसिपी राज्याने जानेवारी १८६१ मध्ये संघराज्यातून बाहेर पडताना कारणांचा जाहीरनामा काढला होता. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पुरती जोडलेली आहे, असं त्यात सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. लपवाछपवी नव्हती, संकोचही नव्हता. रक्ताचे डाग खरे आणि जाहीरनामाही खरा. दोन्ही एकत्र वाचायला जड जातं, म्हणून लोक एकच वाचतात.

इतिहासकार जेम्स मॅकफर्सन यांनी या युद्धातली सुमारे २५ हजार पत्रं आणि अडीचशे रोजनिशा वाचून १९९७ मध्ये एक ग्रंथ लिहिला. शिपाई कशासाठी लढले, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी निवडलेल्या दक्षिणेच्या ४२९ शिपायांपैकी सुमारे २० टक्क्यांनीच गुलामगिरीचं उघड समर्थन लिहून ठेवलेलं आढळतं. यावरून बाकीच्यांना गुलामगिरीचं सोयरसुतक नव्हतं, असा निष्कर्ष काढायला काही जण टपलेले असतात. मॅकफर्सन पुढे जे सांगतात ते महत्त्वाचं आहे: तिच्याविरुद्ध त्या सगळ्यांत एकानेही लिहिलेलं नाही. हवा सगळ्यांनाच लागते, म्हणून कोणी पत्रात हवेबद्दल लिहीत नाही. पत्रात जे आलं नाही तेही वाचावं लागतं ते असं.

इतकी पत्रं उरली कशी, हेही जाणून घेण्यासारखं आहे. ही फौज लिहिणाऱ्यांची होती. उत्तरेच्या गोऱ्या शिपायांत नव्वद टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेच्या शिपायांत ऐंशी टक्क्यांहून अधिक साक्षर होते. त्याआधी इतके लिहितेवाचते हात क्वचितच एखाद्या युद्धात उतरले असतील. शिवाय घरी जाणारी पत्रं फोडून तपासण्याची पद्धत सैन्यात सर्रास नव्हती. कैदेतल्यांची पत्रं तेवढी वाचून, एका पानाची मर्यादा घालून, पांढऱ्या निशाणाखाली पलीकडे दिली जात. एरवी सेनापतीची लायकी, कुजलेलं मांस, थकलेला पगार, हगवण, सगळं जसंच्या तसं घरी पोचत होतं. याउलट पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रं, त्यांत मराठीही होती, सेन्सॉरच्या कचेरीतून जात. आज आपल्या हाती आहेत ते बहुतेक त्या कचेरीने इंग्रजीत करून ठेवलेले उतारे. साताऱ्याकडच्या एखाद्या घरी मूळ कागद आला असेल, तर तो वाळवीने, पावसाने किंवा चुलीने गिळला. अमेरिकेत माळ्यावरच्या पेट्यांतून मूळ पत्रं अजून निघतात. सारा रोझेटा वेकमन नावाची न्यूयॉर्क राज्यातली शेतकऱ्याची मुलगी पुरुषाच्या वेशात, लायन्स वेकमन या नावाने, पलटणीत भरती झाली आणि घरी पत्रं लिहीत राहिली. १९ जून १८६४ ला ती न्यू ऑर्लीन्सच्या रुग्णालयात आजाराने वारली आणि पुरुषाच्याच नावाने पुरली गेली. घरच्यांनी पत्रं जपली होती, म्हणून १९९४ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि तिचं खरं नाव जगाला कळलं.

टपालखात्यावर या युद्धाने जो ताण टाकला त्यातून काही चांगल्या गोष्टीही निघाल्या. उत्तरेच्या शिपायाकडे तिकिटाला पैसे नसले तर पाकिटावर 'शिपायाचं पत्र' असं लिहून पत्र टाकता येई आणि हशील घरचे भरत. क्लीव्हलँडच्या टपाल कचेरीत जोसेफ ब्रिग्ज नावाचा कर्मचारी होता. मुलाची, नवऱ्याची खबर आली का हे पाहायला बायका कडाक्याच्या थंडीत रांगा लावून उभ्या राहतात हे त्याला बघवेना. शहरांत घरपोच मोफत टपाल सुरू व्हावं यासाठी झटणाऱ्यांत तो होता. ही व्यवस्था १ जुलै १८६३ ला सुरू झाली. गेटिसबर्गची लढाई पेटली तोच हा दिवस. शिपायाला घरी सुखरूप पैसे पाठवता यावेत म्हणून नोव्हेंबर १८६४ मध्ये टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांनी पुढे शंभर वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली, त्याच जातीचा हा कागद. दक्षिणेत मात्र कागदाचाच दुष्काळ पडला. भिंतीवरचा छापील कागद उचकटून त्याची पाकिटं केली जात, आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरलं जाई, शाई रानफळांची, आणि आडव्या ओळी लिहून झाल्या की त्याच पानावर उभ्या ओळी.

घरून आलेली पत्रं मात्र फार थोडी उरली. शिपाई ती खिशात, पडशीत घेऊन चालत असे. ती पावसात भिजत, कूच होताना टाकून द्यावी लागत. शत्रूच्या हाती लागून टवाळी होऊ नये म्हणून लढाईआधी कोणी ती जाळूनही टाकी. त्यामुळे आपण संवादाची एकच बाजू ऐकतो. पेरणी कोणी केली, गाय विकली की नाही, धाकट्याचा ताप उतरला का, हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं नाहीत.

पत्रं सरकारी दप्तरात कशी गेली, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो. १८६२ च्या कायद्याने मृत शिपायाच्या विधवेला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला निवृत्तिवेतन मिळू लागलं. विधवेला लग्नाचा पुरावा पुरे, पण आईला सिद्ध करावं लागे की हा मुलगा मला पोसत होता. गरीब बाईकडे कसला पुरावा असणार? मुलाची पत्रं. 'आई, या खेपेला दहा डॉलर पाठवतो आहे' अशा अर्थाची एखादी ओळ ज्या पत्रात असेल, ते पत्र तिने अर्जाला जोडलं. नक्कल काढणं तिला परवडणारं नव्हतं, तिने मूळच दिलं. ती पत्रं आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात निवृत्तिवेतनाच्या फायलींत आहेत. मुलाच्या हातचा शेवटचा कागद देऊन तिने महिन्याकाठचे थोडे डॉलर मिळवले. इतिहासाला हा मोठा ठेवा मिळाला खरा, पण त्याची किंमत कोणी मोजली हे फायल उघडणाऱ्याने विसरू नये.

आता दुसऱ्या पत्राकडे येतो.

स्पॉट्सवुड राइस हा मिसूरी राज्यातला गुलाम. नदीकाठच्या ग्लासगो गावाजवळच्या एका मळ्यात तो तंबाखूच्या कामावर होता. बायको आणि मुलं वेगळ्या मालकांची. बायकोकडे जायला त्याला आठवड्यातून दोनच रात्री परवानगी होती. मालकाच्या मुलाने त्याला वाचायला शिकवलं आणि मालक संतापला. मिसूरीत १८४७ पासून काळ्यांना लिहिणंवाचणं शिकवण्याविरुद्ध कायदाच होता. राइसने बाकीच्या गुलामांना अध्यक्ष लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा वाचून दाखवला. त्यांना इतका आनंद झाला की कामात कोणाचं मन लागेना. फेब्रुवारी १८६४ मध्ये तो उत्तरेच्या सैन्यात काळ्यांच्या पलटणीत भरती झाला. अशा पलटणींतून सुमारे १ लाख ७९ हजार काळे लोक लढले.

३ सप्टेंबर १८६४ ला सेंट लुईसच्या बेंटन बराकीतल्या रुग्णालयातून राइसने दोन पत्रं लिहिली. एक आपल्या मुलींना आणि दुसरं किटी डिग्ज या बाईला. ही बाई त्याच्या मेरी नावाच्या मुलीची मालकीण होती. मेरी तेव्हा १२ वर्षांची.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर या पत्राची धार कळत नाही. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. पण तो बंडखोर राज्यांपुरता होता. मिसूरी हे गुलामी असूनही संघराज्यात राहिलेलं राज्य, त्यामुळे तो तिथे लागू नव्हता. म्हणजे राइसच्या अंगावर संघराज्याचा गणवेश होता, आणि त्याची मुलगी त्याच संघराज्याच्या कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होती. बलूचं घर त्याच्या पाठीशी होतं, तो त्याच्या पुढे उभा राहून लढत होता. राइसचं घर समोरच्याच्या ताब्यात होतं. शिपायाने घरी पत्र लिहायचं म्हणजे काय, हे या माणसाला विचारावं. आपल्या लेकीला लिहिलेलं पत्र आधी कोणाच्या हातात पडेल हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

मुलींना तो लिहितो की मी तुम्हाला विसरलेलो नाही, आणि जीव गेला तरी बेहत्तर, तुम्हाला नेल्याशिवाय राहणार नाही. या महिन्याच्या २८ तारखेला ८०० गोरे आणि ८०० काळे शिपाई नदीने वर ग्लासगोला निघायचे आहेत आणि त्यांच्याबरोबर मी येतो आहे. स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. तो सांगतो की तुमची मालकीण म्हणते मी तुम्हाला चोरून नेऊ पाहतो; पण स्वतःच्या रक्तामांसाचं माणूस बाप चोरू शकतो, असं देवाने कधी ठरवलेलं नाही.

मालकिणीला लिहिलेल्या पत्रात आर्जव औषधालाही नाही. मेरी माझी मुलगी आहे आणि तिच्यावरचा माझा हक्क देवाने दिलेला आहे. तू तिला जितके दिवस ठेवून घेशील तितकं तुला नरकात जळावं लागेल. यापुढे आपण कुठेही भेटलो तरी एकमेकांचे वैरी म्हणूनच भेटू. माझ्याच मुलीसाठी मी तुला एकदा ४० डॉलर देऊ केले होते, तू ते घेतले नाहीस याचा मला आता आनंद आहे. तो ४० डॉलरचा आकडा वाचताना थांबावंसं वाटतं. उत्तरेच्या सैन्यात गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर असताना काळ्याच्या हाती कपड्यांचे ३ कापून ७ डॉलर पडत. म्हणजे काळ्या शिपायाचा जवळजवळ सहा महिन्यांचा पगार. एवढ्यात स्वतःची मुलगी विकत घ्यायला हा बाप एकदा तयार झाला होता. आता तो विकत घ्यायला तयार नाही, कारण विकत घेणं म्हणजे ती तुझी होती हे कबूल करणं.

किटीचा भाऊ एफ. डब्ल्यू. डिग्ज ग्लासगोचा पोस्टमास्तर होता. दोन्ही पत्रं त्याच्याकडे आली. त्याने ती मिसूरी विभागाचे सेनापती विल्यम रोझक्रान्स यांच्याकडे धाडली आणि सोबत तक्रार जोडली: आपण संघराज्याशी एकनिष्ठ असताना या शिपायाकडून असा अपमान का सोसायचा, याला राज्याबाहेर घालवा. तक्रार सैन्याच्या दप्तरात लागली, पत्रं तिच्याबरोबर लागली, आणि म्हणून ती आज उपलब्ध आहेत. मालकाच्या संतापाने हे पत्र जपलं. लेकीने जपून ठेवावं अशी तिची परिस्थितीच नव्हती. पेटी नव्हती, कुलूप नव्हतं, ती स्वतःच दुसऱ्याच्या कुलपात होती. गुलामीतल्या घरांना लिहिलेली किती पत्रं मालकांनी चुलीत घातली असतील, याचा हिशेब कुठल्याच अभिलेखागारात नाही. माळ्यावरच्या पेट्यांतून निघालेली पत्रं मोजून युद्धाचं मन ठरवायचं असेल, तर ज्यांना माळाच नव्हता त्यांचं मन त्यात कुठून येणार?

२८ तारखेचा तो बेत राइसने लिहिल्याप्रमाणे पार पडला नाही. उलट १५ ऑक्टोबरला दक्षिणेच्या फौजेनेच ग्लासगो जिंकलं. पण जानेवारी १८६५ मध्ये मिसूरीने गुलामगिरी रद्द केली आणि मेरी कोणाचीच मालमत्ता उरली नाही. १९३७ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, सेंट लुईसमध्ये तिची मुलाखत घेतली गेली. गुलामीत जन्मलेल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवण्याचं काम सरकारने तेव्हा हाती घेतलं होतं. वडिलांचं वाचणं आणि त्या दोन रात्री आपल्याला कळतात त्या तिच्या तोंडून. माझे वडील, भाऊ, नवरा आणि मुलगा सगळे सैन्यातले, असं तिने अभिमानाने सांगितलं, आणि हक्कासाठी लढणारा माणूस मला आवडतो हेही सांगितलं.

अशीच धार जेम्स हेन्री गुडिंगच्या पत्राला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या काळ्या पलटणीतला हा कॉर्पोरल. २८ सप्टेंबर १८६३ ला त्याने थेट अध्यक्ष लिंकनला लिहून विचारलं की आम्ही सैनिक आहोत की मजूर? मरण सारखं आणि पगार मात्र निम्मा, हे कसं? त्याची पलटण कमी पगार हातातही घेत नव्हती. जून १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने समान वेतन मंजूर केलं. गुडिंग तेव्हा अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत होता आणि महिन्याभराने तिथेच मेला.

हे सगळं बाजूला कसं पडलं याचं उत्तर युद्धानंतरच्या पन्नास वर्षांत आहे. १९१३ मध्ये गेटिसबर्गला दोन्ही बाजूंचे ५० हजारांहून अधिक म्हातारे शिपाई जमले, त्यांनी हस्तांदोलन केलं, आणि अध्यक्ष विल्सन यांनी भांडण मिटल्याचं भाषण केलं. शौर्य दोघांचं सारखं, अश्रू दोघांचे सारखे, आता मागचं विसरू या. त्या वेळी दक्षिणेत काळ्यांचा मताधिकार कायद्याच्या पळवाटांनी काढून घेतला गेला होता आणि झुंडी त्यांना झाडांना लटकवत होत्या. मनं जुळली ती गोऱ्यांची गोऱ्यांशी, आणि त्या दिलजमाईला शिपायांच्या मायाळू पत्रांचा मोठा आधार झाला. या युद्धात मेलेल्यांचा जुना आकडा ६ लाख २० हजार, जनगणनांवर आधारलेल्या अलीकडच्या एका अभ्यासात तो साडेसात लाखांपर्यंत जातो. एवढी माणसं मेल्यावर दोन भावांनी एकमेकांना मिठी मारावी हे कोणालाही हवंसं वाटेल. पण ज्या तिसऱ्याच्या सुटकेवरून लढाई झाली, त्याला दाराबाहेर ठेवून मारलेली ही मिठी होती.

मराठी वाचकाने यात का पडावं? मुंबईच्या बाजारात या युद्धाचा एकच अर्थ होता, कापसाचा भाव. अमेरिकेचा कापूस अडला, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, शेअरांचा धुमाकूळ झाला, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सगळं कोसळलं. पण पुण्यात या युद्धाचा वेगळा अर्थ लावणारा एक माणूस होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. राइसच्या पत्राला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. हजारो मैलांवरच्या त्या युद्धाचा गाभा कोणता, हे जोतीरावांनी अचूक ओळखलं होतं. सेनापतींच्या डावपेचांत आणि शिपायांच्या शौर्यात ते अडकले नाहीत. माणूस माणसाच्या मालकीचा असू शकतो का, एवढ्याच प्रश्नाला त्यांनी हात घातला. रुग्णालयात बसलेल्या राइसचाही तोच प्रश्न होता, फक्त त्याच्या तोंडी तो असा आला: मुलगी माझी की तिची?

'गुलामगिरी'च्या आवृत्त्या मराठीत निघत असतात. पुढची जो कोणी काढेल त्याने त्या अर्पणपत्रिकेच्या मागे राइसची दोन्ही पत्रं नीट मराठीत आणून छापावीत, गुडिंगचं छापावं, आणि पोस्टमास्तर डिग्जची तक्रारही सोडू नये. पत्रं लहान आहेत, चार-पाच पानांत बसतील.